डेलिशस इन डंजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

‘डेलिशस इन डंजन’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांची मालिका आहे. एका बेटाखाली अनेक मजल्यांचे भुयार आहे. लायोस नावाचा तरुण योद्धा आपल्या साथीदारांसह त्या भुयाराच्या खोल मजल्यावर एका लाल ड्रॅगनशी लढत असतो. सगळ्यांच्या पोटात अन्नाचा कण नसल्यामुळे त्यांचे हातपाय चालत नाहीत आणि डाव फसतो. लायोसची बहीण फालिन ड्रॅगनच्या तोंडी सापडते, पण गिळली जाता जाता मंत्राच्या बळावर बाकीच्यांना भुयाराबाहेर पोहोचवते. सामानसुमान आतच राहिलेले, खिशात पैसा नाही आणि दोन साथीदार दुसरी वाट धरून निघून गेलेले, अशी त्यांची अवस्था होते. या जगात मेलेल्या माणसाला मंत्राने जिवंत करता येते, त्यामुळे फालिन पचून जाण्याआधी ड्रॅगनपर्यंत पोहोचायचे एवढाच प्रश्न उरतो. शिधा विकत घेणे परवडणार नाही आणि पैसे जमेपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून लायोस सुचवतो की वाटेत जे मॉन्स्टर भेटतील तेच शिजवून खात खाली जावे.

इथे शब्दाबद्दल एक खुलासा करायला हवा. ‘मॉन्स्टर’साठी मराठीत ‘राक्षस’ हा शब्द पटकन हाताशी येतो, परंतु आपला राक्षस बोलतो, भांडतो, वर मागतो आणि दागिने घालतो. तसे बोलते-चालते प्राणी खायचे की नाहीत हा या मालिकेतला एक कळीचा वाद आहे. त्यामुळे खाली सर्वत्र ‘मॉन्स्टर’ हाच शब्द ठेवला आहे.

नावाचा अर्थ काय?

मूळ जपानी नाव ‘डंजन मेशी’ असे आहे. ‘मेशी’ म्हणजे शिजवलेला भात, आणि त्यावरून एकूणच जेवण. आपण ‘दोन वेळची भाकर’ म्हणतो तेव्हा ज्वारी-बाजरीपुरते बोलत नसतो, तसाच हा प्रकार आहे. शब्द थोडा रांगडा आहे, थाटामाटाच्या मेजवानीसाठी कोणी तो सहसा वापरत नाही. ‘डंजन’ म्हणजे खरे तर किल्ल्याखालची अंधारकोठडी, परंतु कल्पनारम्य खेळांनी त्याला मजल्यामजल्यांचे, सापळ्यांनी आणि खजिन्यांनी भरलेले भुयार असा अर्थ दिला. १९८१ साली अमेरिकेत निघालेला ‘विझर्ड्री’ हा संगणकीय खेळ जपानमध्ये अतिशय लोकप्रिय झाला, आणि योद्धा, मांत्रिक, कुलूप उघडणारा अशी टोळी बांधून भुयारात उतरण्याची रीत तिथल्या वाचकांच्या अंगवळणी पडली. म्हणूनच मालिकेला भुयार समजावून सांगत बसावे लागत नाही, ती थेट चुलीपाशी जाते. इंग्रजी नावातला ‘डेलिशस’ हा शब्द मूळ नावाचा हा रांगडेपणा घालवतो, असे माझे मत आहे.

मालिका कोणी लिहिली आणि ती कुठे प्रसिद्ध झाली?

लेखन आणि चित्रे दोन्ही र्‍योको कुई यांची आहेत. ‘हार्ता’ या जपानी मांगा मासिकात २०१४ ते २०२३ या काळात मालिका क्रमशः प्रसिद्ध झाली. वर्षाला दहा अंक काढणारे हे मासिक आहे, त्यामुळे साप्ताहिकाच्या धबडग्यात जे साधत नाही ते चित्रांतले बारीक काम इथे पानोपानी दिसते. एकूण ९७ प्रकरणे आणि १४ खंड असून मालिका पूर्ण झालेली आहे. अर्धवट सोडलेल्या मालिकांनी पोळलेल्या वाचकांना ही माहिती मोलाची वाटेल. त्याआधी कुई यांनी लघुकथांचे संग्रह काढले होते आणि त्यांपैकी एकाला २०१३ च्या जपान मीडिया आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये पुरस्कार मिळाला होता. लघुकथेची ती सवय या मालिकेच्या सुरुवातीच्या खंडांत स्पष्ट जाणवते: एक प्रकरण, एक प्राणी, एक पदार्थ आणि शेवटी रिकामी भांडी.

मुख्य पात्रे कोणती?

लायोस हा टोळीचा म्होरक्या आहे. बहिणीला वाचवण्याची त्याची तळमळ खरी आहे, पण मॉन्स्टरची चव घेऊन पाहण्याची इच्छा त्याने कित्येक वर्षे मनात दाबून ठेवलेली आहे. नाइलाजाने खावे लागेल असे साथीदारांना सांगताना तो ताकाला जाऊन भांडे लपवत असतो, आणि त्याच्या सामानातून मॉन्स्टर ओळखून खाण्याविषयीचे जीर्ण पुस्तक बाहेर निघते तेव्हा ते भांडे उघडे पडते. माणसांच्या मनातले त्याला चटकन कळत नाही, प्राण्यांच्या मनातले मात्र कळते.

मार्सिल ही लांब कानांची मांत्रिक मुलगी शिकलेली आणि हुशार आहे. ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ हा तिचा पहिल्या खंडातला बाणा असतो. ती नाक मुरडते, रडते, ओरडते आणि मग भुकेने हार मानून पहिला घास घेते. त्या क्षणीच्या तिच्या चेहऱ्यावर कुई यांनी जितकी मेहनत घेतली आहे तितकी लढायांवरही घेतलेली नाही.

चिलचक हा कुलपे आणि सापळे हाताळणारा, उंचीने लहान अशा ‘हाफ-फूट’ जमातीचा आहे. दिसायला तो पोरगेला वाटतो आणि सगळे त्याला तसेच वागवतात. प्रत्यक्षात तो २९ वर्षांचा, म्हणजे त्याच्या जमातीच्या हिशेबात प्रौढ आणि प्रपंच पाहिलेला गृहस्थ आहे. कामाचे पैसे आधी ठरवून घेणारा, कोणाच्या भानगडीत न पडणारा आणि तरीही वेळेला उभा राहणारा असा हा कारागीर मला या टोळीत सर्वांत जवळचा वाटतो.

सेन्शी हा दाढीवाला ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या, दणकट जमातीतला गृहस्थ, पहिल्याच प्रकरणात त्यांना भेटतो. दहा वर्षांहून अधिक काळ तो भुयारात राहून मॉन्स्टरच्या पाककृतींचा अभ्यास करतो आहे. त्याची कुऱ्हाड हेळसांडीमुळे खराब झालेली असते, पण भाजी चिरण्याची सुरी मात्र मिथ्रिल या दुर्मिळ धातूची आणि लखलखीत असते. त्याची मूल्ये कोणती हे या दोन वस्तूंवरून कळते. पुढे इझुत्सुमी ही मांजरीचे कान आणि शेपूट असलेली मुलगी टोळीत येते आणि ताटातले नको ते बाजूला सारण्याच्या बाबतीत मार्सिललाही मागे टाकते.

मॉन्स्टर शिजवून खाण्याची एकच गंमत १४ खंड कशी पुरते?

गंमत एकच असती तर ती दोन खंडांतच शिळी झाली असती. कुई यांनी प्रत्येक काल्पनिक प्राण्याला आधी प्राणी मानले आहे: तो काय खातो, कुठे राहतो, त्याची हाडे कशी जुळलेली आहेत, त्याच्या अंगात विष कुठे साठते. त्या उत्तरांतूनच पाककृती निघते, आणि विनोदही तिथूनच निघतो.

पहिल्या प्रकरणातला पहिला पदार्थ पाहू. मोठा विंचू आणि चालते भूछत्र यांचा पातळ रस्सा असे त्याचे स्वरूप आहे. लायोस विंचू तसाच्या तसा शिजवू पाहतो तेव्हा सेन्शी पुढे होतो. शेपटीची नांगी खाल्ली तर पोट बिघडते म्हणून ती काढायची, पुढचे चिमटे आणि पाय वेगळे करायचे आणि अंगाला चिरा द्यायच्या, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोहोचते आणि अर्क रश्श्यात उतरतो. भूछत्राचे पाय टाकायचे नाहीत, कारण त्यांना चव असते. त्यात वाळवलेला स्लाइम पडतो. स्लाइम म्हणजे खेळांत पहिल्या पायरीवर मारला जाणारा बुळबुळीत गोळा. मालिका सांगते की हा बिनआकाराचा गोळा म्हणजे जणू आतली बाजू बाहेर केलेले पोटच आहे. लिंबूवर्गीय फळाचा रस घातलेल्या गरम पाण्यात तो धुवायचा, पुसून मीठ चोळायचे आणि दोन आठवडे कडक उन्हात वाळवायचा. पावसाळ्याआधी अंगणात बोंबील, सोडे आणि सांडगे वाळत घालणाऱ्या घरातल्या वाचकाला हे वाचताना परके वाटत नाही. कावळे हाकलायला कोणाला बसवले होते, एवढाच प्रश्न त्याच्या मनात येईल.

दुसरे उदाहरण आपोआप चालणाऱ्या चिलखताचे. रिकामे चिलखत तलवार घेऊन अंगावर येते हा भयकथांतला जुना प्रकार आहे. लायोस ते उघडून पाहतो तेव्हा पत्र्यांच्या आतल्या बाजूला शिंपल्यातल्या जिवासारखे मऊ प्राणी चिकटलेले आढळतात. अनेक जीव मिळून पत्रे एकमेकांशी धरून ठेवतात आणि चिलखत चालते. भुताचा उलगडा तिसऱ्यांच्या जातकुळीत झाल्यावर पुढचे ओघाने येतेच: काही परतायचे, काही भाजायचे आणि काहींचे सार करायचे. त्या लढाईनंतर लायोसच्या हाती आलेल्या तलवारीतही असाच एक जीव राहतो, हे तो साथीदारांपासून लपवतो आणि तिला गुपचूप ‘केन्सुके’ असे नाव देतो. पुढे धोका दिसला की ती तलवार थरथरते. शूर योद्ध्याच्या हातातली तलवार आधी पळून जायच्या विचारात असणे, हे मला या मालिकेतले सर्वांत नेमके चित्र वाटते.

विनोद कोणत्या प्रकारचा आहे?

तो गंभीर चेहऱ्याने केलेला विनोद आहे. मांड्रेकचे प्रकरण वाचून पाहावे. मुळीच्या आकाराची ही वनस्पती उपटताना किंचाळते आणि ते ऐकणारा मरू शकतो, ही युरोपातली जुनी समजूत आहे. मार्सिलच्या पुस्तकात त्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय दिलेला असतो: कुत्र्याला दोर बांधून मुळी त्याच्याकडून उपटून घ्यावी. सेन्शी मात्र किंचाळायच्या आत तिचे डोके उडवतो आणि मोकळा होतो. आपले शिक्षण कोणाच्याच कामी येत नाही याचे मार्सिलला इतके वाईट वाटते की कुत्रा नाही तर नाही, म्हणून ती एका मोठ्या वटवाघळाला कामाला लावते. उपाय अंगाशी येतो आणि ती काही वेळ भानावर नसते. एवढ्यावर थांबले असते तर तो नेहमीचा फजितीचा विनोद झाला असता. पण बॅसिलिस्क नावाच्या मॉन्स्टरच्या अंड्यांसोबत आम्लेट होते तेव्हा सगळे चाखून पाहतात, आणि मार्सिलने किंचाळू दिलेली मुळी कमी कडू लागते हे सेन्शी प्रामाणिकपणे कबूल करतो. दहा वर्षांचा अनुभव आणि पुस्तकातली विद्या यांचा वाद शेवटी जिभेने मिटवला जातो.

त्याच धाटणीचा दुसरा प्रसंग सापळ्यांचा आहे. उकळते तेल ओतणारा सापळा पाहून सेन्शीला तळणीची आठवण होते, आणि आपल्या धंद्यात कोणी लुडबुड केलेली न खपणारा चिलचक तेलाचे तापमान किती असावे या चर्चेत स्वतःही ओढला जातो. भजी होतात आणि सापळा बिनकामाचा राहत नाही.

यातल्या पाककृती घरी करून पाहता येतात का?

काही प्रमाणात येतात. पदार्थाचे चित्र, साहित्य, प्रमाण आणि पोषणमूल्यांचा छोटा तक्ता अशी मांडणी सुरुवातीच्या प्रकरणांत नियमाने येते आणि ती एखाद्या पाककलेच्या पुस्तकाइतकी सरळ असते. बॅसिलिस्क हा कोंबडा आणि साप यांचा जोडप्राणी असल्याने त्याच्या जागी अख्खी कोंबडी घेता येते. मालिकेत त्याच्या पोटात विषावर उतारा देणाऱ्या वनस्पती भरून तो भाजतात, घरी कोथिंबीर, पुदिना, लसूण आणि मिरे भरून काम भागते. मांड्रेकच्या जागी मी गाजर आणि मुळा दोन्ही वापरून पाहिले. मुळ्याचे आम्लेट खाणाऱ्यांनी पुन्हा मागितले नाही. स्लाइमच्या वाटेला कोणी जाऊ नये.

शाकाहारी वाचकाला ही मालिका झेपेल का?

प्राणी मारणे, सोलणे, आतडी काढणे या गोष्टी कुई झाकून ठेवत नाहीत, त्यामुळे ज्यांना मासळी बाजारातून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो त्यांनी आधी पहिले प्रकरण वाचून अंदाज घ्यावा. दुसरीकडे, शेतीची आवड असणाऱ्या वाचकाला इथे एक अनपेक्षित मेवा मिळेल. मातीचे प्रचंड पुतळे, म्हणजे गोलेम, भुयाराची राखण करत हिंडत असतात आणि सेन्शी त्यांच्या पाठीवर भाजीपाला पिकवतो. मातीत ओल टिकते, आणि चोर आला तर शेत स्वतःच त्याच्या अंगावर धावून जाते. वर्षानुवर्षे रानडुकरांनी पीक लोळवलेला शेतकरी या व्यवस्थेकडे हेव्याने पाहील. सेन्शी तिसऱ्या मजल्यावरच्या संडासांची देखभालही करतो. खत कुठून येते हे मार्सिलच्या उशिरा लक्षात येते.

मॉन्स्टर खाण्याला काही मर्यादा आहे का?

आहे, आणि ती कोणी लिहून ठेवलेली नसल्यामुळे टोळीत भांडणे होतात. माणसासारखे रूप असलेला, माणसासारखा बोलणारा प्राणी खायचा का? मासा-माणूस दिसल्यावर लायोसच्या डोळ्यांत जी चमक येते ती पाहून चिलचकचा जीव खालीवर होतो आणि तो ठाम विरोध करतो. लायोसचा युक्तिवाद तर्काला धरून असतो, चिलचककडे तर्क नसतो, किळस असते. तरीही वाचकाला चिलचकचे म्हणणे पटते. ओर्क जमातीच्या प्रकरणात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. ज्यांना माणसे मॉन्स्टर समजून हुसकावत आली त्यांच्यासोबत बसून पावाची कणीक मळताना मार्सिल त्यांच्या मुखियाशी कडाडून भांडते. शब्द जितके तापतात तितकी कणीक जोरात मळली जाते.

पुढे मालिका गंभीर होते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

होय. ड्रॅगनपर्यंत पोहोचल्यावर कथा दुसऱ्या टप्प्यात जाते. मेलेल्याला जिवंत करणे हा तोवर जवळजवळ व्यवहार असतो: भुयारातून प्रेते शोधून आणून त्याबद्दल मोबदला मागणारे लोकही या जगात आहेत. मात्र त्या व्यवहाराची खरी किंमत काय, भुयाराच्या तळाशी बसलेला वेडा जादूगार कोण आणि इच्छा पुरवणारी भूक कोणाची, हे प्रश्न आल्यावर हसू कमी होते. वेगवेगळ्या जमातींची आयुर्मर्यादा वेगवेगळी आहे, ही सुरुवातीला गमतीची वाटणारी बाब मार्सिलच्या बाबतीत दुखरी ठरते. याहून अधिक सांगणे वाचकावर अन्याय होईल. इतके नोंदवून ठेवतो की सर्वांत भीषण खंडांतही पात्रे जेवायला बसतात. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही आपली म्हण सेन्शीला माहीत नसली तरी तो तिचे पालन करतो. वेळेवर जेवणे, पुरेशी झोप आणि थोडा व्यायाम यांचा आग्रह तो शेवटपर्यंत सोडत नाही.

मुलांना वाचायला द्यावी का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना द्यायला हरकत नाही, असे माझे मत आहे. रक्त आणि मृत्यू आहेत, अश्लीलता नाही. नंतरच्या खंडांतली काही दृश्ये लहान मुलांना घाबरवतील.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय कशी लावावी?

मराठी वाचकाला ही मालिका सध्या इंग्रजी भाषांतरातूनच गाठावी लागते. ते येन प्रेसने २०१७ पासून काढले, आणि त्यात जपानी पद्धतीप्रमाणे पुस्तक आपल्या दृष्टीने मागच्या बाजूने उघडते. पान उजवीकडून सुरू होते, चौकटी उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली जातात, एका चौकटीतले संवादाचे फुगेही त्याच क्रमाने वाचायचे असतात. मी सुरुवातीची दहा पाने उलट वाचली होती आणि मंडळी आधी जेवतात व मग शिकार करतात, ही लेखिकेची काही नवी शैली असावी असे मला वाटले होते. एका बैठकीत सवय लागते.

मांगा आधी वाचावी की ॲनिमे आधी पाहावा?

ॲनिमे, म्हणजे या कथेवरचा ॲनिमेशनपट, ट्रिगर या स्टुडिओने केला असून त्याचे २४ भाग जानेवारी ते जून २०२४ या काळात नेटफ्लिक्सवर आले. त्यात मूळ कथेचा मधला टप्पा गाठला आहे आणि पुढच्या हंगामाची घोषणाही झालेली आहे. तव्यावर पडलेल्या चरबीचा आवाज कागदावर ऐकू येत नाही, तो ॲनिमेत येतो. माझी शिफारस तरीही मांगा आधी वाचण्याची आहे, कारण कुई यांचे पुष्कळसे विनोद मागच्या कोपऱ्यातल्या पात्राच्या चेहऱ्यावर असतात आणि तिथे नजर किती वेळ रेंगाळावी हे वाचकाने स्वतः ठरवलेले बरे.

१४ खंडांनंतर आणखी काही वाचण्यासारखे आहे का?

प्रत्येक खंडाच्या शेवटी छोट्या पूरक चित्रकथा आहेत, त्या वगळू नयेत. त्यांखेरीज पात्रांची, जमातींची आणि भुयाराची माहिती देणारे एक मार्गदर्शक पुस्तक आणि कुई यांच्या रेखाटनांचा एक संग्रह स्वतंत्रपणे निघाला आहे. मार्सिलच्या केसांच्या रचना प्रकरणागणिक का बदलतात असा प्रश्न पडलेल्यांनी रेखाटनांपासून सुरुवात करावी, आणि सेन्शीच्या भांड्याकुंड्यांकडे डोळा असलेल्यांनी मार्गदर्शक पुस्तकापासून.